पिकअपवरची खोली

पिकअपवर झोपायची खोली बांधायला विद्यानं मकरंदला परवानगी दिली होती, पण एका अटीवर. "मोहल्ल्यातला एक जरी माणूस हसला ना, तर त्याच दिवशी ही पेटी कबाडीवाल्याकडे जाईल. मला प्रेमनगरात तोंड दाखवायचंय, अहो!"

अट कडक होती, पण तिला कारणही तसंच होतं. मकरंदच्या हाताचा गुण साऱ्या गल्लीला ठाऊक. त्यानं बनवलेला कूलर हवा कमी आणि पाणी जास्त फेकायचा. त्यानं टांगलेल्या झोपाळ्यावरून पडलेले विद्याचे मामा त्यानंतर झाशीला फिरकले नव्हते. या खेपेला मात्र गड्यानं जिवापाड मेहनत घेतली होती. आठवडाभर पिकअप बिजौलीच्या कारखान्यांचा माल वाहायची. रविवारी हौद्यात ही खोली ठेवायची, खटके लावायचे की झोपायची सोय तयार, आणि सोमवारी खटके काढून खोली परत अंगणात. खोक्यांची फळी, कुणाच्या तरी लग्नाच्या फ्लेक्सचं छप्पर आणि उरलासुरला पांढरा रंग एवढ्यात सगळं भागवलं होतं.

खटाटोप चालला होता तो मकरंदच्या वडिलांसाठी, आबासाहेबांसाठी. गरौठ्याच्या धाकट्या बहिणीला, कुसुमावतीला, एकदा भेटायचं असा त्यांचा हट्ट होता, आणि गुडघ्यांमुळे त्यांना बसमध्ये बसवत नव्हतं. निजून जायची सोय झाली की आबा जाणार होते. पण रेल्वेचे डबे दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेला माणूस तो! त्यांनी खोलीच्या भिंतीवर बोटांनी टकटक केली आणि म्हणाले, "फळी पातळ आहे. अर्धवट काम."

मकरंद फळीला रंगाचा आणखी एक हात द्यायला लागला. आबांच्या तोंडून एक 'वा' ऐकायची त्याची हौस लहानपणापासूनची, आणि ती काही केल्या फिटत नव्हती.

रविवारी सकाळी वाहनपूजा ठरली. मकरंद शर्ट-पँट घालून नारळ घेऊन आला तसे आबा कडाडले, "आपल्याकडे पूजा सोवळ्यात होते! शर्टात पूजा करायला तू काय सुभाषचंद्र आहेस?"

सुभाषचंद्रजी म्हणजे भिंतीपलीकडचे शेजारी. त्यांच्याशी आबांचं वर्षानुवर्षं वाकडं होतं. झालं! मकरंदनं डोक्यावरून पाणी घेतलं, पांढरा पंचा नेसला, उघड्या अंगावर उपरणं टाकलं आणि अनवाणी येऊन पूजा केली. खोलीला चहूबाजूंनी झेंडूच्या माळा घातल्या. वडीलधाऱ्यानं आधी पाऊल ठेवावं म्हणून आबा आत गेले, गादीवर आडवे झाले आणि बघता बघता घोरायलाही लागले. मकरंदला कोण आनंद झाला! गादी तरी पास झाली म्हणायची.

"आता मारुतीपर्यंत एक फेरी मारून आणा," विद्या म्हणाली. "आणि हे धुपाटणं विझू देऊ नका, देवळात ओवाळायचंय."

धूळ नको म्हणून खोलीचं दार ओढून घेतलं. गाडी मकरंदची लेक जाई चालवणार होती. तिला लायसन्स नुकतंच मिळालेलं. "तुम्ही पुढे चाला ना बाबा, मी तुमच्या पीछे-पीछे हळू आणते," ती म्हणाली. मकरंद दोन्ही हातांत धुमसतं धुपाटणं घेऊन पुढे निघाला आणि फुलांनी झाकलेली ती पांढरी पेटी मुंगीच्या पावलांनी त्याच्या मागे निघाली.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं हात जोडले. देवाला जोडले असतील, असं समजून मकरंदनं मान हलवली. मग चहावाल्यानं टोपी काढली. पुढे शिंप्यानं अर्धं शटर ओढलं आणि तो चपला काढून मागे चालू लागला.

"बाबा," जाईनं खिडकीतून डोकं काढलं, "लोकं अशी का बघतायत?"

उत्तर सुचायच्या आत सुभाषचंद्रजी धावत आले आणि मकरंदच्या उघड्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागले. "कल शाम तक तो मुझे गाली दे रहे थे बाबूजी! अचानक कैसे हो गया, बेटा?"

मकरंदच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. त्यानं स्वतःकडे पाहिलं. ओले केस, पांढरा पंचा, अनवाणी पाय, हातात निखारे आणि मागे फुलांची पेटी. अरे देवा! लाजेनं त्याच्या कानशिलांची आग झाली.

"नहीं भाईसाहब, बाबूजी सो रहे हैं," तो कसाबसा म्हणाला.

"हाँ बेटा, अब सोने ही दो," म्हणून सुभाषचंद्रजींनी आणखी मोठा गळा काढला. मागून कुणीतरी "राम नाम सत्य है" सुरू केलं.

ओरडून सांगायला हवं होतं, हे मकरंदला कळत होतं. पण सांगणार काय? की ही झोपायची पेटी आहे? मोहल्ला हसला असता आणि पेटी कबाडीत गेली असती. देऊळ पुढच्याच वळणावर होतं. तिथून गुपचूप वळू, असं ठरवून तो मान खाली घालून चालत राहिला. जिवंत बापाची अंत्ययात्रा आपण भरदिवसा काढतोय या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक बात मन में रह गई," सुभाषचंद्रजी हुंदके देत म्हणाले. "तुम्हारे नींबू मैं तोड़ता था. बाबूजी बंदरों को कोसते रहे."

देवळापाशी गर्दीनं गाडी थांबवली. "मकरंद भैया, बाबूजी के लिए दो शब्द बोलो," चहावाला म्हणाला.

मकरंद पेटीकडे वळला. हिंदीत खोटं बोलायची लाज वाटली, म्हणून तो मराठीत बोलला. तिथं कुणाला कळणार होतं? आबा तर गाढ झोपलेले.

"आबा, मला काही धड येत नाही, तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण मी जे काही वेडंवाकडं बनवलं, ते तुम्ही एकदा 'वा' म्हणावं म्हणून." शेजारून एक ट्रॅक्टर धडधडत गेला, तरी तो बोलतच राहिला. "आणि तुम्ही ओरडला नाहीत ना, तर मला घरात करमतच नाही."

शब्द गर्दीतल्या कुणालाच कळले नाहीत, पण सगळे रडले. सुभाषचंद्रजींनी अंतिम दर्शनासाठी दार उघडलं. आत आबा मांडी घालून टक्क जागे बसले होते.

"कितने नींबू तोड़े, सुभाष?"

सुभाषचंद्रजी किंचाळून मागे सरले ते थेट चहावाल्याच्या अंगावर. आणि मग जे हसू फुटलं ते देवळापासून प्रेमनगरच्या टोकापर्यंत पोचलं. जाई तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती. तिच्या शेजारी बसून घरी येताना मकरंदला वाटत होतं, धरणी पोटात घेईल तर बरं.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. विद्या दारातच उभी होती. तिनं फक्त त्याच्या हातात पेचकस ठेवला. मकरंद मुकाट्यानं एकेक स्क्रू काढायला बसला.

"हात लावू नकोस," मागून आबांचा आवाज आला. "सूनबाई, पेटी कुठे जाणार नाही. पुढच्या रविवारी मी हिच्यातनं गरौठ्याला निघालोय."

"पण आबा, फळी पातळ आहे," मकरंद खाली बघतच म्हणाला.

"पातळ आहे म्हणून तर बरंय. आत सगळं ऐकू येतं." आबा घुटमळले. "त्या मेल्या ट्रॅक्टरमुळे तुझं शेवटचं तेवढं नीट ऐकू आलं नाही. परत म्हण."

मकरंदनं तोंड उघडलं आणि मिटलं. आबा समोर उभे असताना शब्द फुटेना.

आबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा पेटीकडे पाहिलं. मग गुडघे धरत, कण्हत ते पुन्हा खोलीत चढले, गादीवर आडवे झाले आणि त्यांनी आतून दार ओढून घेतलं.

"हं," फळीपलीकडून आवाज आला. "आता म्हण."