कागदावरची साठी

साटमांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. जन्मतारीख विचारली.

"एक जून," मी म्हणालो.

"ती कागदाची. खरी?"

"आई म्हणते श्रावणातली."

"कुठला श्रावण? पंचमीच्या अलीकडचा की पलीकडचा?"

साटमांनी शर्टाच्या खिशातून एक लांबट डायरी काढली. तिच्यात दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'कागद', दुसऱ्यावर 'खरं'. पहिल्या रकान्यात त्यांनी माझी एक जून टिपली आणि दुसऱ्यात प्रश्नचिन्ह काढलं. मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "नाव काय म्हणालात?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. शिर्के, असं सांगितलं.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची, रास अल खैमातली. एका सिमेंट फॅक्टरीच्या लॅबमध्ये मी केमिस्ट म्हणून लागलो होतो आणि कंपनीच्या कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. साटम मेन्टेनन्सला सुपरवायझर, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, मूळचे संगमेश्वरकडचे. लग्न राहून गेलेलं. खाणीतून दगड आणणारे कन्व्हेअर बेल्ट त्यांच्या ताब्यात होते आणि प्रत्येक बेल्टवर पांढऱ्या रंगात तो बसवल्याची तारीख त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेली असे. अठरा महिने झाले की बेल्ट उतरवायचा. चांगला चालत असला तरी उतरवायचा. "कागद काय म्हणतो? अठरा. मग खलास."

हे बेल्टपुरतं असतं तर कुणाची काही हरकत नव्हती. पण साटम कॉलनीच्या रहिवासी कमिटीचे सेक्रेटरीही होते आणि कॉलनीला एक नियम होता. जमीन बलदियाची, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालिटीची. घरं कंपनीची. बलदियाच्या परवान्यात लिहिलेलं होतं की ही वस्ती कामगारांची आणि त्यांच्या बायकामुलांची आहे, साठ वर्षांवरील व्यक्तीस येथे राहता येणार नाही. पाहुणा म्हणून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पंधरा दिवस मुभा. सोळाव्या दिवशी सकाळी साटम दारात हजर.

आमच्या शेजारच्या मुकादमनं एकदा अम्मीला बावीस दिवस ठेवायचा बेत केला. हा म्हसळ्याचा, स्टोअरमध्ये नोकरीला, साटमांचा जुना दोस्त. पंधरा दिवस झाल्यावर त्यानं अम्मी गेल्याचं साटमांना सांगितलं, तिच्या चपला पलंगाखाली सरकवल्या आणि तिला दुपारी खिडकीशी बसू नकोस म्हणून बजावलं. सोळाव्या दिवशी साटम आले. मुकादमच्या बायकोनं रीतीप्रमाणे पुढ्यात सांदणं ठेवली. साटमांनी चार खाल्ली, पाणी प्यायले, रुमालानं तोंड पुसलं.

"इब्राहिम, तुझ्या बायकोची सांदणं वाटीला चिकटतात. ही सुटलीयत. अम्मी कुठल्या खोलीत आहेत?"

"अरे साटम, अम्मी आहे माझी. बेल्ट नाय."

"कागद काय म्हणतो?"

अम्मी शुक्रवारच्या विमानानं गेल्या. मुकादम पुढे महिनाभर साटमांशी बोलला नाही. साटमांना ते कळलं की नाही, याची मला शंका आहे, कारण ते रोज त्याच्याशी बोलत होते.

तरी कॉलनी त्यांच्यावर सरसकट रागावलेली होती असं नाही. एक जूनला ते नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावत, 'आज कागदोपत्री जन्मलेल्या सर्वांस शुभेच्छा', आणि खाली सतरा-अठरा नावं. आमच्याकडची निम्मी मंडळी त्याच दिवशी जन्मलेली. शाळा जूनमध्ये उघडणार, पोराला सहा वर्षं पुरी हवीत, बापाला तारीख ठाऊक नाही, तेव्हा मास्तरांनी ठोकून दिलेली. माझ्या सात वर्षांच्या सईची तारीख विचारायला ते आले तेव्हा ती म्हणाली, "फोर्टीन्थ मार्च, अंकल. बट व्हाय डू यू वॉन्ट इट?"

"रेकॉर्डसाठी, बेटा," असं म्हणून त्यांनी दोन्ही रकान्यांत चौदा मार्च लिहिलं आणि ते पान जरा लांब धरून पाहिलं. "हिचं दोन्हीकडे एकच आहे," ते मला म्हणाले. चांगला बेल्ट दाखवावा तसे खूश दिसले.

माझं आणि त्यांचं बिनसलं ते आईवरून. वडील गेल्यावर आई चिपळूणला फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. मला भाऊबहीण नाही. एका फेब्रुवारीत ती बाथरूममध्ये घसरून गुडघ्यांवर पडली आणि दोन तास तशीच पडून राहिली. शेजारणीकडे किल्ली होती, पण शेजारीण बाजारात गेलेली. हे मला तिसऱ्या दिवशी फोनवर कळलं, तेही आईचं आधी इकडचं हवापाणी सगळं विचारून झाल्यावर. तिला इकडे आणायचं आम्ही नवराबायकोनं त्याच दिवशी ठरवलं. मी साटमांकडे गेलो.

"कागद काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"चौसष्ट."

"मग नाही."

"अहो साटमसाहेब, ती पडली होती."

"ऐकलं मी. वाईट झालं." आणि मग थोडं थांबून, "पंधरा दिवस आणा."

मला त्यांचा राग आला. खूप आला. पंधरा दिवसांनी तिचे गुडघे काय कागद बघून बरे होणार होते?

नेमकं त्याच वर्षी हे प्रकरण बलदियात गेलं. कॉलनीच्या पलीकडे घरांचा नवा टप्पा व्हायचा होता. त्याच्या परवान्यासाठी कंपनीनं अर्ज केला आणि त्यात कुणा भल्या मॅनेजरनं वयाची अट काढावी अशी एक ओळ घातली. बलदियानं बैठक लावली आणि रहिवाशांचे तीन प्रतिनिधी बोलावले. मी, मुकादम आणि सेक्रेटरी म्हणून साटम.

मुकादमची पाचावर धारण बसली. "हा तिथं उभा राहून नियम वाचून दाखवणार. शिर्के, याला चुकीची वेळ सांगू या. नऊची बैठक, दहा सांगू."

आम्ही दहा सांगितली. खोटं कशाला बोलू, मीच सांगितली. बैठकीच्या दिवशी पावणेनऊला आम्ही बलदियात पोचलो तर साटम इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसलेले. "तुम्हाला वेळ चुकीची कळली होती, शिर्के. मी ऑफिसला फोन करून खात्री केली. तुम्हालाही कळवणार होतो, पण फोन लागला नाही."

सभेत सात सदस्य होते. बोलणं अरबीत चाललेलं आणि एक मल्याळी कारकून आमच्यासाठी ते हिंदीत सांगत होता. एका सदस्याचं म्हणणं, फॅक्टरीजवळ दवाखाना नाही, म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर जबाबदार कोण? दुसऱ्याचं, आज आई आली, उद्या मामा येईल, परवा गाव येईल, पाणी कुठून पुरवायचं? तिसरा जरा तरुण होता. तो म्हणाला, माझी आई माझ्या घरात असते, तिला कुणी पंधरा दिवस सांगून बघावं. त्यावर सगळे हसले, पण मत कुणी बदललेलं दिसेना. धूळ, पाणी, अँब्युलन्स, पुन्हा धूळ, असं अर्धा तास चाललं. माझ्या मनात चिपळूणचं बाथरूम होतं.

मग अध्यक्षांनी रहिवाशांची यादी मागवली. चष्मा लावून ते पानं उलटू लागले आणि मध्येच थबकले. कारकुनाला काहीतरी विचारलं. कारकून आमच्याकडे वळला.

"पूछ रहे हैं, एक जून को इंडिया में क्या होता है? आप सब लोग उसी दिन पैदा हुए हैं?"

मुकादमला हसू फुटलं. साटम उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले.

"साहब," साटम म्हणाले, "ये उमर नहीं है. ये मास्टर का अंदाजा है."

आणि त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. शाळेत पोरगा नेला की मास्तर म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान पकड. कान हाताला लागला तर सहा पूर्ण. नाही लागला तर पुढच्या वर्षी. हे नुसतं सांगून त्यांचं समाधान होईना. सत्तावन्न वर्षांच्या साटमांनी बलदियाच्या सभागृहात उजवा हात डोक्यावरून नेला, डावा कान पकडला आणि तसेच उभे राहिले. "ऐसे. ये हमारा बर्थ सर्टिफिकेट."

कारकुनाला हे अरबीत सांगताना स्वतःचाही हात वर न्यावा लागला. कोपऱ्यात एक वृद्ध सदस्य बसले होते, तोवर काही बोललेले नव्हते. ते मोठ्यानं हसले. म्हणाले, माझ्या पासपोर्टात एक जानेवारी आहे. पासपोर्ट निघाला तेव्हा डॉक्टरनं माझे दात बघितले आणि साल लिहून टाकलं. माझी थोरली बहीण कागदावर माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे! मग बाकीचेही आपापल्या घरातल्या एक जानेवाऱ्या सांगू लागले. दहा मिनिटं पाण्याचं नाव कुणी काढलं नाही.

अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि साटमांना विचारलं, "तुम्ही सेक्रेटरी आहात. अट ठेवावी की काढावी?"

मुकादमनं माझा दंड धरला.

"काढावी," साटम म्हणाले. "ये साठ किसी को मालूम नहीं, कब होता है. मैंने खुद एक फॉर्म भरा था, साहब. गलत भरा." एवढं बोलून ते खाली बसले. कुठला फॉर्म, हे तिथं कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

दोन महिन्यांनी पत्र आलं. वयाची अट रद्द, मात्र आजारपणाची जबाबदारी घरच्यांची, तसं लिहून द्यायचं. साटमांनी पत्र नोटीस बोर्डावर लावलं, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. मुकादमनं त्याच दुपारी अम्मीला फोन केला. मीही चिपळूणला केला.

आई आली त्या आठवड्यात साटम आमच्याकडे आले नाहीत. दुसऱ्याही आठवड्यात नाहीत. सोळावा दिवस गेला, तेव्हा माझ्या बायकोनं उगाच दाराकडे बघितलं. शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी मीच त्यांच्या क्वार्टरवर गेलो. आभार मानायचे होते आणि त्या दहाच्या वेळेबद्दल माफीही मागायची होती. माफीचं ऐकून ते म्हणाले, "ते मला तेव्हाच कळलं होतं."

मग मी तो फॉर्म कुठला, असं विचारलं.

"आईचा. पासपोर्टचा." ते खुर्चीत जरा पुढे सरकून बसले. "रजेवर गेलो होतो. तिला जन्मसाल ठाऊक नव्हतं. केस पांढरे होते, मी अंदाज केला. वय एकोणसाठ भरेल असं साल लिहिलं. मी माणसाचं वय बरोबर ओळखतो, असं मला वाटायचं. पुढे दोन वर्षांनी हे क्वार्टर मिळालं, तोवर ती कागदावर एकसष्ट."

"मग?"

"मग काय, पंधरा दिवस आली. सोळाव्या दिवशी मीच एअरपोर्टवर सोडली. सेक्रेटरी मीच होतो ना. घरी जाऊन तिनं शेजारच्या पोराकडून पत्र लिहून घेतलं. माझं वय बसत नाही म्हणतोस तर शांतीचं लाव माझ्या नावावर, ती लहान आहे. शांती म्हणजे तिची बहीण. मी उत्तर लिहिलं, असं चालत नाही, आई. दर पत्रात ती तेच विचारायची आणि मी तेच लिहायचो. चार वर्षं."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. साटमांनी उठून खिडकी लावून घेतली.

"ती गेल्यावर तेराव्याला मामा आला. शाळेतून रिटायर होऊन त्याला चार वर्षं झालेली, म्हणजे तो बासष्टचा. सहज बोलता बोलता म्हणाला, तुझी आई माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. मी हिशेब केला. सत्तावन्न. कागदावर पासष्ट. केस लवकर पिकले होते तिचे, बाकी काही नाही. इथं राहू शकली असती, शिर्के. सगळी वर्षं राहू शकली असती."

मुकादमच्या अम्मीला ज्यानं सोळाव्या दिवशी काढलं, त्यानं आधी स्वतःच्या आईला काढलं होतं, आणि तो नियम खोटा मानायची त्याची इतकी वर्षं छाती झाली नव्हती. हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. मी त्यांना घरी चला म्हणालो. ते नको नको म्हणत उठले, शर्ट बदलला आणि आले.

आईनं त्यांना बसवलं. संगमेश्वरचे म्हटल्यावर तिनं तिथल्या सगळ्या ओळखी काढल्या, त्यातली एकही त्यांना लागली नाही, तरी तिचं चालूच राहिलं. मग तिनं घावणे करून वाढले. "तुम्ही अगदीच बारीक आहात हो," असं म्हणत न विचारता आणखी दोन टाकले. साटम मान खाली घालून खात होते. शेवटचा घास होईपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही.

जाताना ते दारात घुटमळले. आई आत भांडी आवरत होती. तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी मला विचारलं, "शिर्के, रोज नाही. पण आठवड्यातून एकदा मी आलो तर चालेल का त्यांना? जरा विचारून ठेवाल?"