बिनकठड्याचा जिना

इतिहास ही फार नाजूक चीज आहे. ऊन, वारा, पाऊस यांना तो पुरून उरतो. पण त्यात माणसं राहायला लागली की तो खराब होतो. नदीकाठच्या जुन्या पेठेत नेमकं हेच झालं.

पेठेचा इतिहास थोडक्यात असा. गोरे साहेब गलबतांतून नदीनं वर आले, त्यांनी गोदामं बांधली, मालावर जकात बसवली आणि राज्य संपल्यावर नेता येईल ते सगळं घेऊन गेले. भिंती उचलल्या नाहीत म्हणून राहिल्या. (यालाच वारसा म्हणतात.) मग तिथं शिंपी, सुतार, न्हावी असे बिगर-ऐतिहासिक लोक शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या खुशाल संसार करत बसले.

त्यांच्यापासून इतिहास वाचवण्यासाठी वारसा समिती नेमण्यात आली. समितीनं तळमळीनं काम केलं. विजेच्या तारा भिंतीत पुरल्या, आणि दिवे असे मिणमिणते बसवले की माणसाला त्या काळासारखंच ठेचकाळता यावं. समितीच्या पाहणीनुसार पेठेतील नव्वद टक्के इतिहास सुस्थितीत आहे. (रहिवाशांची पाहणी कार्यकक्षेत नव्हती.)

कोपऱ्यावरच्या शिंप्याचं दुकान खाली, बिऱ्हाड वर. वर जायला बाहेरून एक उभा, अरुंद लाकडी जिना. साहेबाच्या काळी त्यावरून हमाल पोती चढवत. आईचे गुडघे गेले तेव्हा शिंप्यानं जिन्याला लोखंडी नळाचा कठडा लावून घेतला. तो धरून म्हातारी रोज संध्याकाळी उतरायची, नदीवर जाऊन मैत्रिणींपाशी सुनेच्या यथेच्छ चहाड्या करायची आणि ताजीतवानी होऊन वर यायची. समितीनं एका सकाळी तो कठडा कापून नेला.

शिंपी अध्यक्षांकडे गेला. अध्यक्षांनी अत्यंत आदरानं त्याला उभं ठेवलं. (खुर्ची ऐतिहासिक होती.) मग भिंतीवरच्या जुन्या चित्राकडे बोट दाखवलं.

"हा तुमचाच जिना. कठडा दिसतोय का कुठं?"

"नाही साहेब. पण जिन्याखाली हा हमाल पडलाय ना?"

अध्यक्षांनी चष्मा पुसून पाहिलं. "विश्रांती घेतोय."

"पोत्याखाली?"

समितीनं हा मुद्दा गांभीर्यानं घेतला. पंधरवड्यात जिन्याखाली संगमरवरी पाटी बसली : 'श्रमिकांचे विश्रांतिस्थान'. शिंप्यानं दोर बांधून पाहिला, तर समितीनं तोही सोडवला, कारण दोराला त्या काळचा पीळ नव्हता.

शिंप्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, चल, मी पुढं राहतो. माझा खांदा धर."

"आणि माझा तोल गेला म्हणजे?" म्हातारी म्हणाली. "तुझ्या अंगावरच पडणार मी. हात मोडला तर शिवणार काय, कपाळ? पोरंबाळं आहेत तुझ्यामागं. जा, मशीनवर बस."

तिनं खुर्ची खिडकीशी ओढली. खाली शिंप्याला सुईत दोरा ओवता येईना, डोळे सारखे भरून येत होते. ज्या आईचं तोंड संध्याकाळी घरात कधी दिसलं नाही, ती आता दिवसभर नदीकडे बघत बसायची. सूनसुद्धा म्हणाली, "जाऊ द्या हो त्यांना, माझ्याबद्दल काय वाट्टेल ते बोलू द्यात."

पेठेला मात्र त्याचा फायदाच झाला. खिडकीतल्या म्हातारीमुळे इमारत जिवंत वाटते, असं पर्यटकांचं एकमुखी मत पडलं. समितीनं माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो छापला आणि खिडकीची चौकट स्वखर्चानं रंगवून दिली.

आपणही मागच्या सुट्टीत तिथं जाऊन आलात. "किती छान जपलंय हो!" असं म्हणालात. म्हातारीनं हात हलवला, म्हणून आपणही हलवलात आणि फोटो काढलात. तो अजून फोनमध्ये असेल, तर जरा मोठा करून बघा. ती टाटा करत नव्हती. जिना उतरायला हात द्या म्हणून आपल्याला वर बोलावत होती. मुलाला ती जिन्यावर पुढं उभं राहू देत नाही, त्याच्यावर घर चालतं. आपण पडला असतात तरी कुणाचं काही अडलं नसतं.