दादाचं अंदमानचं तिकीट

मी फक्त एक वाक्य बोललो होतो. तेही कावळ्याशी.

मितेशदादा माडावरून पडून गेला. त्याच्या दहाव्याला कळंबच्या किनाऱ्यावर पिंड मांडून आम्ही दोन तास उभे होतो. समोरच्या सुरूच्या झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. दादाची काही इच्छा राहिली असेल म्हणून एकेक जण कबूल करत सुटला. आई म्हणाली, सुनेला लेकीसारखी सांभाळीन. काका म्हणाले, केळीची वाडी विकणार नाही. कावळे ढिम्म. (माझे पाय वाळूत भाजत होते.) दादाच्या कपाटात अंदमानचं एक रंगीत माहितीपत्रक होतं, ते मला आठवलं आणि तोंडून निघून गेलं, "दादा, तुला अंदमानला नेतो."

एक कावळा सरळ खाली आला आणि शिवला. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मला अक्कल आहे असं घरच्यांना पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गिरीजला, आमच्या घरी, पडवीच्या कठड्यावर रोज सकाळी एक कावळा यायला लागला. ओरडायचा नाही. दादा बघायचा तशी मान तिरकी करून नुसता माझ्याकडे बघायचा. मी चहा अर्धा सोडून उठायचो. नवव्या सकाळी तसाच उठलो, नालासोपाऱ्याला ग्लेनच्या ट्रॅव्हल्समध्ये गेलो आणि दोन तिकिटं मागितली. (एकातही भागलं असतं, पण शब्द म्हणजे शब्द.)

दुसरा प्रवासी कोण, ग्लेनने विचारलं. म्हटलं, भाऊ.

"वय?"

"एकतीस."

"पूर्ण?"

"आता पूर्णच."

खिडकी हवी का? म्हटलं, त्याला कुठूनही दिसतं. ग्लेनने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं, मग मोबाइल नंबर मागितला. मला पाठ असलेला एकच नंबर मी सांगून टाकला. दादाचा.

घरी आलो तर सगळे दादाच्या फोनभोवती जमलेले. वहिनी दादाचा फोन रोज चार्ज करते. कशाला, ते आम्ही विचारत नाही. वीस दिवसांत तो आज पहिल्यांदा वाजला होता. तिने फोन माझ्यासमोर धरला. 'प्रिय मितेश, तुमचा प्रवास निश्चित झाला आहे. कृपया दोन तास आधी पोहोचा.'

कठड्यावर कावळा होता. संध्याकाळी तो कधीच येत नसे.

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता वहिनी रडेल. (मी तर सुरुवातही केली होती.) तिने फोन परत चार्जिंगला लावला.

"त्यांना पाण्याची भीती होती, भावोजी. बोटीचं नाव काढलं तरी उठून आत जायचे."

"मग ते माहितीपत्रक?"

"तुम्ही त्यांची नवी मोटारसायकल विहिरीत घातलीत ना, त्या दिवशी आणलं. म्हणाले, मयूरला तिथे पाठवतो, म्हणजे परत यायला नको."

आई देवासमोरच हसायला लागली, मग वहिनीही. वीस दिवसांनी घरात कुणीतरी हसत होतं. मीही हसलो, पण जरा वेळाने थंडच पडलो. म्हणजे इच्छा खरीच होती. उगाच नाही शिवला.

"तुमचं परतीचं तिकीट काढलंत का?" वहिनीने डोळे पुसत विचारलं.

"हो."

"उद्या जाऊन ते रद्द करून या."