उस्ताझ वहीबांनी न सांगितलेला अंदाज

उस्ताझ वहीबांचा चष्मा पाचव्या मजल्यावरून पडला, तो बुधवारी दुपारी, शेवटच्या उजळणीच्या तासभर आधी. भाकरीसाठी दोरीची टोपली खाली सोडताना ते सज्जातून जरा जास्त वाकले, एवढंच निमित्त झालं. टोपली सुखरूप खाली पोचली. चष्मा तिच्याआधीच पोचला होता.

"नवा शनिवारी मिळेल," चष्मेवाल्यानं फोनवर सांगितलं. शालान्त परीक्षेचा अरबीचा पेपर रविवारी होता.

शुब्रा भागात व्याकरण शिकवणाऱ्यांना तोटा नव्हता. भिंतीभिंतीवर त्यांचे फोटो आणि खाली बिरुदं: ‘व्याकरणाचा सिंह’, ‘क्रियापदांचा कर्दनकाळ’. परीक्षेचा आठवडा उजाडला की हे सगळे सिंह पेपरात काय येणार याचे अंदाज सांगत, आणि आयाबाया ते अंदाज ताविजासारखे जपत. उस्ताझ वहीबांनी मात्र तीस वर्षांत एकही अंदाज सांगितला नव्हता. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिकवायचं, एवढंच त्यांना जमत असे, आणि तेही नीट जमतं की नाही याची त्यांना शंकाच होती.

त्या दिवशी बैठकीत बावीस मुलं दाटीवाटीनं बसली होती. चष्मा फुटला हे सांगावं, तर मुलं हसतील. उस्ताझांची जीभच रेटेना. त्यांनी पुस्तक मिटूनच ठेवलं आणि जे झोपेतही म्हणता आलं असतं, तेच शिकवायला घेतलं. ते म्हणजे आजारी क्रियापदं. अरबी क्रियापदाच्या तीन मूळ अक्षरांपैकी एखादं दुबळं निघालं, तर ते आजारी. ते अक्षर कधी रूप बदलतं, कधी अंग चोरतं, कधी नाहीसंच होतं. उस्ताझ त्या आजाऱ्यांची अडीच तास शुश्रूषा करत राहिले.

"उस्ताझ, आणि बाकीचे धडे?" तहानीनं विचारलं.

उस्ताझ तिच्याकडे, म्हणजे खरं तर तिच्या शेजारच्या पडद्याकडे बघून म्हणाले, "बाकीचं... राहू दे आता."

जिना उतरताना हातिम कुजबुजला, "पुस्तक उघडलं नाही! नजरेला नजरसुद्धा दिली नाही! अल्लाशप्पथ, उस्ताझना पेपर माहीत आहे!"

संध्याकाळपर्यंत बदावीच्या झेरॉक्सच्या दुकानावर पाटी लागली: ‘उस्ताझ वहीब सांगतात, फक्त आजारी क्रियापदं!’ मागोमाग टोपलीतून वस्तू वर येऊ लागल्या. बसबूसाच्या गोड वड्यांचं ताट आलं, भात भरलेली दोन कबुतरं आली, कुणीतरी आंबे पाठवले.

"उम्म हातिम, मला खरंच काही माहीत नाही हो!" उस्ताझ सज्जातून कळवळून म्हणाले.

"असंच म्हणायचं, उस्ताझ!" समोरच्या सज्जातून हातिमची आई म्हणाली. "विचारलं तरी असंच म्हणायचं. अल्ला तुमच्या जिभेला असंच कुलूप ठेवो!"

घरात त्यांची बायको इन्शिराह कबुतरं ताटात काढत होती. "घरातली साखर कधी संपणार ते या माणसाला कळत नाही," ती म्हणाली, "आणि म्हणे याला पेपर कळला!"

गुरुवारी उस्ताझांनी मन घट्ट केलं. मुलांना बोलावून चष्म्याची सगळी हकीकत सांगून टाकली. मुलं गंभीरपणे ऐकत होती. शेवटी हातिम म्हणाला, "छान आहे, उस्ताझ. कुणी चौकशीला आलं तर आम्हीही चष्म्याचंच सांगू."

"अरे, कसली चौकशी? सगळं पुस्तक वाचा!"

"मी तर बाकीची पानं फाडून कपाटावर टाकलीत," तहानी म्हणाली. "उगाच लक्ष तिकडे जायला नको."

उस्ताझ बोटांवर गुण मोजू लागले. तहानीला डॉक्टर व्हायचं होतं. तिथे एकेका गुणासाठी मारामारी. पेपरात आजारी क्रियापदांवर फार तर एक प्रश्न येणार. बाकी कागद ही पोर कोराच ठेवून येणार, आणि तिच्यासोबत आणखी एकवीस जण. वर्षभर शिकवून आपण शेवटच्या दुपारी बावीस घरं बुडवली, तीही एवढंसं खरं बोलण्याची लाज वाटली म्हणून.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. इन्शिराह वैतागली. "अहो अबू नादिर, या गल्लीत खरं ओरडून सांगून काय उपयोग? कोण ऐकतंय? माझ्या बहिणीचं लग्न मोडलं, ते मी एकाच बाईच्या कानात सांगितलं होतं. माझ्या आईच्या आधी ते खाटकाला कळलं."

उस्ताझ चमकून तिच्याकडे बघत राहिले.

शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी हातिमला जिन्यात गाठलं. आयुष्यात असलं काही केलं नव्हतं, त्यामुळे कान लाल झाले होते. "हातिम, फक्त तुलाच सांगतो. कर्मणी क्रियापदं बघून ठेव. कुणाजवळ बोलू नकोस."

"माझ्या आईच्या गळ्याची शप्पथ, उस्ताझ!" हातिमनं छातीवर हात ठेवला आणि तीन-तीन पायऱ्या गाळत खाली पळाला.

मग तहानीला बोलावणं गेलं. "पोरी, ‘काना’ आणि तिच्या बहिणी, तो क्रियापदांचा सगळा धडा. तुझ्या-माझ्यात हं." उम्म हातिमला टोपलीतून चिठ्ठी गेली: आज्ञार्थ. न्हाव्याला दाढी करून घेताना ‘पाच क्रियापदं’ हा धडा. आणखी पाच जणांच्या कानात असाच एकेक धडा गेला. बदावीला तर त्यांनी दुकानाच्या मागल्या दारी नेऊन सांगितलं, "भविष्यकाळ. तुम्हाला सांगितलं, बस्स. तोंडातून काढू नका." बदावीनं पुढल्या दारानं जाऊन लगेच यंत्र सुरू केलं.

शनिवारी दुपारपर्यंत दुकानात अकरा निरनिराळी पत्रकं लटकत होती. प्रत्येकावर ‘अत्यंत गुप्त’. सगळी एकत्र शिवली असती तर पाठ्यपुस्तकच झालं असतं. फक्त आता मुलं ते वाचत होती. तहानीची आई स्टुलावर चढून कपाटावरची पानं खाली काढत होती.

रविवारी दुपारी परीक्षा सुटली आणि गल्लीत बायकांच्या उलुलूचा जल्लोष उठला. बावीस मुलं एका दमात पाच मजले चढून आली.

"सगळं आलं, उस्ताझ! एकूण एक!" तहानी रडत-हसत म्हणाली. "तुम्ही सांगितलं नाही असं काही आलंच नाही!"

"अगं, येणारच! मी सगळं पुस्तकच सांगितलं होतं!"

"ऐकलंत?" उम्म हातिम मागून ओरडली. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!"

लोक पांगायला संध्याकाळ झाली. इन्शिराहनं सज्जाचं दार लोटलं, पुदिन्याचा चहा आणला आणि कधी नव्हे ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"आता मला तरी सांगा," ती हलकेच म्हणाली. "मंत्रालयात कोण आहे तुमचं?"

"इन्शिराह! तूसुद्धा?"

"मी काय परकी आहे?"

"कुणी नाही गं. आपल्या नादिरची शप्पथ, कुणीही नाही."

तिनं त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. अशा नजरेनं तिनं त्यांना लग्नानंतर पाहिलं नव्हतं. मग ती उठली, दार उघडून सज्जात गेली. उस्ताझांना तिचा दबका आवाज ऐकू आला.

"उम्म हातिम, मलासुद्धा सांगत नाहीत हो. म्हणजे बघा, किती वरचा माणूस असेल!"