सासऱ्यांचा मिशाळ मासा

गावाला जातो म्हणत सासऱ्यांनी आपला कॅटफिश टाकीसकट लेकीच्या घरी आणून ठेवला, तेव्हा दंतवैद्य जावयाला आभाळ ठेंगणं झालं. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्याच्या हाती साधी छत्रीसुद्धा विश्वासाने दिली नव्हती. स्वतःची अक्कलदाढही ते दुसऱ्याकडून काढून आले होते.

"शिकारी जात आहे," सासऱ्यांनी बजावलं. "आठवड्यातून दोनदाच खायला घालायचं. तो मागेल, पण द्यायचं नाही. आणि पाणी थोडंथोडंच बदलायचं."

जावई दिसला की मासा काचेला मिशा टेकवून आ वासायचा. जन्मभर लोकांना "आ करा, आ करा" म्हणून विनवणाऱ्या माणसाला हे पहिलंच समजूतदार गिऱ्हाईक भेटलं. तो विरघळला. सकाळी कोळंबी, संध्याकाळी कोळंबी, मधे बायकोची पाठ वळली की आणखी एक.

पाणी गढूळ झालं, वास सुटला. जावयाने सगळं पाणी उपसलं, टाकी घासून लख्ख केली, नळाची नळी सरळ आत सोडली आणि दवाखाना गाठला. पण घरातून निघताना मासा वर येऊन धापा टाकताना दिसला होता. जावयाचा जीव थाऱ्यावर राहीना. एका आजोबांची दाढ साफ करता करता त्याने घरी फोन लावला.

"तोंड उघडंच आहे का?"

आजोबांनी आणखी उघडलं.

"मिशा हलतायत?"

आजोबांनी प्रयत्न करून पाहिला.

"अहो, तो आडवा पडलाय!" बायको फोनवर ओरडली.

आजोबांच्या दाढेत कसाबसा कापूस कोंबून "उद्या या" म्हणत जावई पळाला, तो थेट शोभेच्या माशांच्या दुकानात.

"रोज दोन वेळा?" दुकानदाराने कपाळाला हात लावला. "अहो, मासा आहे तो, जावई नव्हे! जास्तीचं खाणं कुजतं, पाणी नासतं. वर सगळं पाणी एकदम बदललंत? नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याचे कल्ले जाळतं. हे औषध घाला, हवेचा पंप लावा. आणि आता कडक उपास!"

उपास दोघांनाही घडला. जावई घास तोंडाशी नेई आणि टाकीकडे धावे. तिथून दाराशी, दारातून परत टाकीशी. अखेर एका सकाळी काच पुसताना माशाने त्याच्या हातातला स्पंजच ओढला. जावयाला रडू आलं.

सासरे मासा न्यायला आले. टाकीशी वाकून बराच वेळ बघत राहिले. जावयाने कबुलीजबाब पाठ करून ठेवला होता.

"बाबा, माझी एक चूक..."

"चूक माझी," सासरे हळूच म्हणाले. "मी कुठेही गेलो नव्हतो. घरीच होतो. तुमची सासू म्हणाली, 'एक तर तो मासा राहील नाहीतर मी.' तुम्ही दोन दिवसांत कंटाळून फोन कराल, मग मासा परत घ्यावाच लागेल आणि तीही नमेल, असा हिशेब होता. पण तुम्ही तर जीव लावलात! आता इथेच राहू दे. नीट जपलंत तर वीस वर्षं जगेल. अजून बाळ आहे तो, याच्या तिप्पट होतो."

"मग मोठी टाकी लागेल," बायको म्हणाली, आणि नवरा बसला होता त्या सोफ्याची लांबी डोळ्यांनी मोजू लागली.