मागच्या सीटवरचा एक नग

एका जंगलात झाडं बेताची होती आणि नियम मात्र घनदाट. मुलांनो, आधी घास गिळा. तोंडात भात धरून गोष्ट ऐकायची नसते, ठसका लागतो.

तर त्या जंगलात काटे सिस्टर नावाची एक साळू राहायची. तिचं काम लस टोचण्याचं. पाड्यापाड्यावर जायचं, सशांची, हरणांची, रानडुकरांची पिल्लं धरायची आणि टोचायचं. सुई स्वतःचीच, पाठीवरची. तिचा नवरा बदली होऊन नदीपलीकडच्या जंगलात गेला होता. तिथून तो रोज निरोप धाडायचा, "काळजी करू नकोस." आपली बायको दिवसभर काय करत असते, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

सिस्टरला एक पिल्लू होतं. त्याचं नाव गुल्लू. त्याला सांभाळायला कुणी नव्हतं. शेजारची घोरपड हो म्हणाली होती, पण ती हो म्हणता म्हणताच झोपली. बाकीच्या आया कामावर जाताना पिल्लाला पाठीवर घेतात. साळूने घेतलं तर काय होईल, सांगा बरं? बरोबर. म्हणून सिस्टरने एक जुनी लाल गाडी घेतली होती. पुढे ती, मागे गुल्लू.

गाडी करंजाच्या तेलावर चालायची आणि तेल महागलं होतं. राजाचा कर भरला की तेलापुरतंही उरायचं नाही. गाडी बंद पडली, तर गुल्लूला ठेवायचं कुठे? मग नोकरीच सोडावी लागणार.

अशात एक परिपत्रक निघालं. जो आपली स्वतःची गाडी राजाच्या कामाला वापरेल, त्याला करात सवलत.

ते वाचून सिस्टरला हायसं वाटलं. मग लगेच धस्स झालं. हायसं वाटलं की आपण कुठेतरी गॅस चालू ठेवून आलोय, असं तिला वाटायचं.

कर कचेरीत मुंगूससाहेब बसायचे. त्यांनी अर्ज पाहिला आणि चष्मा वर केला.

"सिस्टर, गाडीत तुमच्याशिवाय कोण असतं?"

खरं तर कुणी नाही म्हणायचं होतं. पण सिस्टरला न विचारलेलंही सांगायची खोड होती.

"माझा गुल्लू असतो, साहेब. आणि परवा वाटेत मी जांभळं घेतली. थांबून नाही हं, गाडी चालवता चालवताच. म्हणजे थोडी थांबले. आणि आरशातून मी सारखी त्याच्याकडे बघते, ते पण खासगीत धरतात का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. असा अर्जदार त्यांना कधी भेटला नव्हता.

"पिल्लू म्हणजे खासगी सवारी," ते म्हणाले. "तुम्ही कामाला चाललात, ते फिरायला चाललंय. म्हणजे गाडीचा पुढचा भाग सरकारी आणि मागचा खासगी."

"मग अर्धी सवलत द्या."

"देतो की. पण इंजिन पुढे आणि ढकलणारी चाकं मागे. गाडीला नेमकं पळवतं कोण, यावर तज्ज्ञांची समिती नेमावी लागेल. कासवं आहेत समितीवर."

सिस्टरने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या वडाखाली कोल्हेसाहेबांची काळी गाडी उभी होती. तिच्यात वाळवीने घर केलं होतं.

"त्यांना सवलत मिळते?"

"पूर्ण मिळते."

"पण ती गाडी जागची हलतच नाही."

"म्हणूनच ना," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "जी हललीच नाही, तिचा खासगी वापर होईल कसा? इतकी स्वच्छ फाइल मी दुसरी पाहिली नाही. तुमची गाडी फार फिरते हो. तिथेच सगळा घोळ आहे."

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून कडेवरचा गुल्लू भोकाड पसरून रडू लागला. मुलांनो, त्याला कडेवर कसं घेतलं होतं ते विचारू नका. आईला जमतं, आणि थोडं टोचतंच.

ते रडणं साधंसुधं नव्हतं. फाइली थरथरल्या. बाहेरच्या झाडांवरची माकडं, खारी, पलीकडच्या वाफ्यातले ससे, सगळे काय झालं ते बघायला खिडकीशी गोळा झाले.

"हे असंच होतं," सिस्टर ओशाळून म्हणाली. "पाड्यावर गाडी थांबली की हा रडतो. मग कोण रडतंय ते बघायला सगळी पोरं धावत येतात आणि मी त्यांना टोचते. हाका मारायला जावंच लागत नाही."

मुंगूससाहेबांची शेपटी ताठ झाली.

"आधी सांगायचं ना. अहो, ही सवारी नाही. हे साहित्य आहे."

"साहित्य?"

"दवंडीचं. लिहा इथे. भोंगा, एक नग."

सिस्टरने पेन हातात घेतलं. पोटच्या पोराला भोंगा म्हणून सही करणं चांगल्या आईला शोभतं का, तिला ठरवता येईना. तसं त्याच्या जन्मापासून तिला काहीच ठरवता आलं नव्हतं. टोपडं घालू की काढू, इथपासून. तिने सही केली. साहेबांनी शिक्का मारला. पूर्ण सवलत मंजूर.

सिस्टर आनंदाने घरी आली, तर तिन्हीसांजेला दारात अस्वलकाका उभे. राजाचं गोदाम ते सांभाळायचे.

"भोंगा घ्यायला आलोय, सिस्टर. सरकारी साहित्य काम झालं की गोदामात जमा करायचं असतं. सकाळी सही करून परत न्यायचं."

"काका, ते माझं बाळ आहे."

"कागदावर नाही."

सिस्टरचे सगळे काटे उभे राहिले. पण पाठीमागे अख्खं सरकार असलेल्या अस्वलाला टोचून किती टोचणार? ती भराभर सांगू लागली. "डाव्या कुशीवर झोपवा. दूध कोमटच द्या, आधी मनगटावर थेंब टाकून बघा. अंगठा चोखला तर ओढून काढू नका, त्याला राग येतो."

"बाई, आम्ही नगाऱ्यांना दूध पाजत नाही," असं म्हणून काका गुल्लूला घेऊन गेलेसुद्धा.

सिस्टर दारातच थिजली. मग तिने ठरवलं. हो, ठरवलं. नको ती सवलत. गाडी विकू, नोकरी सोडू, अर्ज फाडून टाकू आणि पोराला घरी आणू. ती चपला घालायला उंबऱ्यावर टेकली. एका चपलेचा पट्टा सुटला होता. तो लावायला ती वाकली आणि तशीच झोपली.

जेवणाच्या सुमाराला दार वाजलं. दारात अस्वलकाका. अंगावरचे केस पिंजलेले, एका कानात कापूस. हातात लख्ख जागा गुल्लू.

"घ्या तुमचा नग," ते म्हणाले. "गोदामातले ढोल ह्याच्या आवाजाने फुटले. मी नोंद केलीय. साहित्य सदोष, चालू होतं पण बंद होत नाही, गोदामात ठेवण्यास अयोग्य. यापुढे ते तुमच्याच घरी ठेवायचं. सवलत तशीच चालू राहील. तसं मुंगूससाहेबांनी लिहून दिलंय. त्यांचं घर गोदामाला लागूनच आहे."

सिस्टरने गुल्लूला छातीशी घेतलं, हुंगलं, त्याची बोटं मोजली, सगळी होती. गाडी राहिली, नोकरी राहिली, पोर राहिलं. आणि गुल्लू झाल्यापासून पहिल्यांदा तिचं डोकं दुखत नव्हतं.

काका वळून चार पावलं गेले असतील.

"काका," सिस्टर दबक्या आवाजात म्हणाली, "भोंगा सदोष आहे म्हणता. मग आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी दुरुस्तीला आणून सोडला तर चालेल का?"

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं, पण अर्जावर शिक्का पडल्यानंतर. कामासाठी गाडी जरूर घ्यावी, फक्त ती चालवू नये. आणि आईचं मूल आईचंच असतं, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. म्हणूनच तर ते सांभाळायला दुसरं कुणी येत नाही. आता गिळा तो घास.