सापडला, पण सिद्ध नाही

मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीत कुणी खोकलं, की दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडते आणि वरून प्रश्न येतो, "कोरडा की ओला?"

खिडकीतला माणूस म्हणजे आमचे सिमोन सर. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, मूळचे वसईच्या पश्चिमेकडच्या वाडीतले. त्यांच्या तावडीत सापडू नये म्हणून लोक जिन्यात खोकला गिळतात. एकदा म्हणे चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मागच्या बाकावर कुणीतरी ठसकलं, तर सर वळून त्याच्याकडे इतक्या कौतुकाने बघत राहिले, की फादरच बोलायचे थांबले.

सरांचा सगळा जीव पॉलिओमा नावाच्या विषाणूंवर. "हे बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतात आणि मग जातच नाहीत. गुपचूप बसून असतात, जन्मभर. तुमच्यातही असणार!" हे ते अभिनंदन केल्यासारखं सांगतात. त्यातल्या दोघांवर त्यांचा विशेष लोभ. त्यांची खरी नावं म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं, म्हणून सर त्यांना 'दोघे भाऊ' म्हणतात. खोकणाऱ्या, धाप लागलेल्या मुलांच्या नाकाघशात हे भाऊ सापडले. पण ठणठणीत मुलांतही सापडले. आणि आजारी मुलांत बरेचदा दुसरा एखादा नामचीन विषाणू सोबत होताच. "मग आजार केला कुणी? सापडला, पण सिद्ध नाही!" असं म्हणून सर टेबलावर हात आपटतात.

हा न्याय ते सगळीकडे लावतात. तळमजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले बोंबील गेले आणि तिथे मांजर दिसलं, तेव्हा सर मांजराच्या बाजूने उभे राहिले. "मांजर हजर होतं, एवढंच आपल्याला माहीत आहे." मांजर मिशा चाटत होतं. काकू बरेच दिवस सरांशी बोलत नव्हत्या.

गेल्या हिवाळ्यात माझी आई गावाहून, चांदीपहून, आमच्याकडे राहायला आली. आली तीच सर्दी घेऊन. पण नात दिसल्यावर तिला कसली सर्दी आठवते! चिऊला मांडीवरून खाली ठेवेना. थोड्याच दिवसांत चिऊला ताप भरला, छाती घरघरायला लागली आणि तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, विषाणूमुळे झालेला न्यूमोनिया आहे. सर भेटायला आले आणि दारातूनच त्यांनी विचारलं, "पॉलिओमा तपासला का?" डॉक्टर म्हणाले, "ते आम्ही इथे तपासत नाही." सरांचं तोंड एवढंसं झालं.

त्याच गडबडीत घाबरलेल्या माझ्या बायकोच्या तोंडून निघून गेलं, "आई, तुम्हाला सर्दी होती ना हो..." तिला दोष द्यायचा नव्हता. पण आईच्या ते काळजाला लागलं. घरी आली आणि तिने पिशवी भरायला घेतली.

"माझ्यापायी झालं. पोरीजवळ नको मी आता."

मी नाना परीने समजावलं. ती साड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटी वर जाऊन सरांना घेऊन आलो.

सर तिच्या पिशवीशेजारी फरशीवरच बसले. "मावशी, तुमच्याकडून गेलं असेल. बालवाडीतून आलं असेल. बाजारातून आलं असेल. मी जन्मभर हेच शिकवलं, पण मलाही सांगता येणार नाही."

"तुम्हाला नसंल येत. मला कळतंय ना."

सरांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग ते हळूच म्हणाले, "मावशी, मला एक धाकटी बहीण होती. फिलोमिना. आम्ही फिलू म्हणायचो. मला सर्दी झाली होती. आई म्हणाली, लांब राहा. पण मी गेलोच तिला खेळवायला. मग तिला ताप आला, छाती भरली आणि ती गेली. मला कुणी काही बोललं नाही. पण तुझ्यामुळे नाही, असंही कुणी म्हणालं नाही."

आईचे हात थांबले.

"पुढे एवढं शिकलो ते त्याचसाठी. तिला नक्की काय झालं होतं ते कळावं म्हणून. पण तेव्हा कुणी तपासलंच नव्हतं. आता कधीच कळणार नाही."

"केवढा होतास रे तू तवा?"

आमच्या इमारतीत सरांना कुणी अरे-तुरे करत नाही. सरांनी मात्र शाळेतल्या मुलासारखं उत्तर दिलं, "सहा वर्षांचा."

"सहा वर्षांचं लेकरू. बहिनीला खेळवत होतास. आनि काय केलंस?"

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. आईने आपला खरखरीत तळवा त्यांच्या टकलावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मी पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेलो आणि आतच थांबलो.

चिऊ बरी होऊन घरी आली. आई राहिली. रोज दुपारी तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, की जिन्यात उभी राहून वर हाक मारायची, "सिमोन, ये रे, गरम हाय." आणि सर मुकाट्याने खाली यायचे.

महिन्याभराने ती चांदीपला परत निघाली. मी रिक्षा आणली. तिची पिशवी घेऊन सर खाली आले, पण ती रिक्षात ठेवेनात.

"मावशी, फिलूला वसईत पुरलंय, आमच्या चर्चच्या आवारात. मोठा झाल्यापासून मी त्या कोपऱ्यात कधी गेलो नाही."

आईने पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्याकडे दिली. "ही घरात ठेव. चांदीपला मी उद्या जाईन." मग रिक्षात आत सरकून तिने सरांना जागा करून दिली आणि विचारलं, "तिला फुलं कंची आवडायची रे?"

सरांना लगेच आठवेना. रिक्षा वळेपर्यंत ते आठवतच होते.